गाव महापालिकेत जाताना: संपर्काच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

नुकतंच एमएसडब्ल्यू झालेल्या दोन मुली परवा भेटायला आल्या होत्या. हद्दवाढीच्या, म्हणजे महापालिकेत घेतल्या जाणाऱ्या गावांत त्यांना रहिवाशांशी संपर्क ठेवायचं काम मिळालंय. मानधनावर, अकरा महिन्यांचा करार, पदाचं नाव भारदस्त. ‘ताई, नक्की करायचं काय असतं?’ असं विचारत होत्या. मी दोन तास बोलले आणि त्या जिना उतरून गेल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली. सांगायला लाज वाटते म्हणून राहिली असेल.

ग्रामपंचायत विसर्जित कशी होते, अधिसूचना (सरकारनं निर्णय जाहीर करण्याचा कागद, आधी मसुदा आणि मग अंतिम) म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. पुण्याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. 1997 मध्ये महापालिकेत 38 गावं घेतली, त्यातली काही नंतर पुन्हा वगळली. मग ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली आणि 30 जून 2021 ला आणखी 23. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर 2017 मध्ये आत गेली आणि 2024 मध्ये बाहेर येऊन त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत गावाचा कारभार दोनदा बदलला. घरपट्टीचा कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, म्हणजे आपलं काम कशासाठी आहे ते कळेल.

मी ज्या गावात होते त्याचं नाव लिहीत नाही, महापालिकेचंही नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत.

पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, ‘अंतिम अधिसूचना निघेपर्यंत लोकांत काही बोलायचं नाही. उगाच गोंधळ होतो.’ मला ते अगदी पटलं. कॉलेजातही हेच शिकलो होतो, की खात्री केल्याशिवाय माहिती द्यायची नाही. मी सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन दारोदार फिरायचे आणि कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचे, ‘अजून काही पक्कं नाही, कळलं की सांगते.’ मनात बरंही वाटायचं, की आपण किती जबाबदारीनं वागतोय.

गावठाणात एक आजी होत्या. दोन खणांचं घर, पत्र्याचं छप्पर, दारात तुळस. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घराची नोंद अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन चार वर्षं झालेली. आजी एकदा माझी वाट अडवून म्हणाल्या, ‘बाई, नावाची नोंद आत्ता करून घेऊ का थांबू?’ मी म्हणाले, ‘थांबा आजी, महापालिका आली की सगळं नव्यानंच होणार आहे.’

हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी ते माझ्या मनानं जोडलं होतं. बाकी सगळं ‘पक्कं नाही’ म्हणून टाळणारी मी, नेमकी हीच गोष्ट पक्की असल्यासारखी बोलून गेले.

तीन आठवड्यांनी अधिसूचना निघाली. दोन दिवसांत महापालिकेचं पथक आलं, ग्रामपंचायतीचं दप्तर ताब्यात घेतलं, कपाटांना सील लागलं. ग्रामसेवकाची बदली झाली. आजींनी ज्या खिडकीशी जायला हवं होतं ती खिडकीच राहिली नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो तर ‘दप्तर अजून आमच्याकडे वर्ग झालेलं नाही’. पंचायत समितीत गेलो तर ‘आम्ही केव्हाच दिलं’. मधल्या काळात दप्तर कुठं होतं? एका बंद खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला मला पावसाळा पुरला. वर्षभरानं महापालिकेचं पहिलं बिल आलं, तेही आजोबांच्याच नावानं. आजींनी ते माझ्या हातात दिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, ‘तू थांब म्हणालीस.’

म्हणून हा खड्डा जरा जास्तच खोलात सांगते, कंटाळा आला तरी वाचा. ‘पक्की माहिती मिळेपर्यंत गप्प बसायचं’ हे वागणं वरून जबाबदारीचं दिसतं, पण त्याची किंमत रहिवासी मोजतो. कारण मसुदा अधिसूचना ते अंतिम अधिसूचना हाच काळ त्याच्या हातात असतो. पुण्याच्या 23 गावांचा मसुदा डिसेंबर 2020 मध्ये आला आणि अंतिम निर्णय जून 2021 च्या अखेरीस. म्हणजे सहा महिने. हरकती-सूचनांसाठी कायद्यानं दिलेले तीस दिवस सोडा, पण या सहा महिन्यांत माणूस आपला नमुना आठचा उतारा काढून ठेवू शकतो, वारसनोंदीचा अर्ज देऊन पोच घेऊ शकतो, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या एका पिशवीत जमवू शकतो, मुलाच्या जन्मदाखल्यात नाव चुकलं असेल तर दुरुस्तीला लागू शकतो. गाव महापालिकेत गेलं तरी हे कामाला येतं आणि नाही गेलं तरी वाया जात नाही. त्यासाठी कुठल्या अधिसूचनेची वाट बघायची? मी बघितली.

आता मी कुठल्याही गावात गेले की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी वेगळ्या करून सांगते. काय बदलणार नाही, हे सगळ्यात आधी. सातबारा तलाठ्याकडेच राहतो, आधार आणि मतदार ओळखपत्र बदलावं लागत नाही. (आमच्याकडे एका सायबर कॅफेवाल्यानं ‘आधार अपडेट’ म्हणून निम्म्या आळीकडून पैसे गोळा केले. आम्ही तोंड बंद ठेवलं की अशा माणसांचं तोंड उघडतं.) मग, निर्णय काहीही झाला तरी आज काय करून ठेवायचं. आणि शेवटी, काय ठरलेलं नाही. ते नाव घेऊन सांगायचं. पाण्याचं ठरलेलं नाही, अंगणवाडीचं ठरलेलं नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा पारावर येते, ठरलं असेल तर सांगेन, नसेल तर तसंही सांगेन. आणि सोमवारी जायचंच. सांगायला काही नसेल तेव्हा तर नक्कीच. लोक नव्या बातमीपेक्षा तुम्ही आलात की नाही हे आधी बघतात.

कागदावर तारीख घाला, ठळक. आमचं एक पत्रक बिनतारखेचं होतं, त्यातली अर्धी माहिती दोन महिन्यांत शिळी झाली, पण फोटो फिरतच राहिला. दोन वर्षांनी मला तोच फोटो दाखवून एका गृहस्थांनी झापलं.

आणि घराचा नमुना आठ आणि तलाठ्याचा, शेतजमिनीच्या खात्याचा आठ-अ यांत घोळ करू नका. तुम्ही हसाल, पण मी स्वतः एका काकांना दिवसभर चुकीच्या कार्यालयात बसवलंय.

आता फ्लेक्सबद्दल. माझं मत स्पष्ट आहे, फ्लेक्स हा संपर्क नाही. तो साहेबांना फोटो पाठवण्यासाठी असतो. हल्ली नवीन मुलं चॅटजीपीटीकडून पत्रक लिहून घेतात. वाचलंत तर त्यात ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ आणि ‘सुलभ व पारदर्शक सेवा’ असतं, फक्त खिडकी क्रमांक नसतो. पत्रकात माणसाला एवढंच हवं असतं, की कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कुणाला, काय कागद घेऊन भेटायचं आणि जेवणाची सुट्टी किती वाजता. हे कळायला तिथं जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. मी दर महिन्याला एकदा अनोळखी माणसासारखी रांगेत उभी राहते. तुम्हीही राहा.

गुरू शोधत फिरू नका, हे पण सांगून टाकते. परिषदांमध्ये बोलणारी मोठी माणसं मला कधी उपयोगी पडली नाहीत, हा माझा आकस असेल. मला शिकवलं ते दोघांनी. एक, करसंकलनाच्या काउंटरवरच्या लिपिक बाई. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. दुसरा, गावात पाणी सोडणारा. हा माणूस रोज पहाटे प्रत्येक आळीच्या व्हॉल्व्हपाशी असतो. त्याला सगळे शिव्या घालतात, पण सगळे त्याच्याशी बोलतात. ग्रामपंचायतीतून महापालिकेकडे जाताना त्याच्या नोकरीचं काय होणार हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, तरी तो माझा निरोप आळीआळीत पोचवायचा. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्ष यांच्याकडे जायला तुम्हाला शिकवलेलं असतं. पाणीवाल्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

सोसायट्यांचं वेगळं असतं. गावठाणात बाई पारावर किंवा नळावर भेटते, सोसायटीत गेटवरचा वॉचमन तुम्हाला आत सोडत नाही. तिथं सेक्रेटरीला पकडा आणि जिन्याखालचा नोटीस बोर्ड मागा. भाडेकरू मात्र दोन्हीकडे सुटतात. ते कुठल्याच ग्रुपमध्ये नसतात, कराची नोंद त्यांच्या नावावर नसते, पण टँकर आला नाही की रिकामे हंडे त्यांचेच. मी त्यांना किराणा दुकानात गाठायचे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, उधारी फेडायला येतात तेव्हा.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरवसा ठेवून काम आखू नका. आमच्याकडे अधिसूचना निघाल्यावर आठवड्याभरात माजी सरपंचांनी ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. रोज रात्री अकराला त्यांचा फोन वाजायचा, आणि त्यांच्याकडे आता ना पद, ना शिक्का. मी त्यांना दोष देत नाही.

यातूनच सगळ्यात अवघड गोष्ट सुरू होते. ग्रामपंचायतीत माणसाला कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं ते माहीत असतं. विलीनीकरणानंतर सरपंच जातो, सदस्य जातात, ग्रामसभा जाते. नगरसेवक मिळायला निवडणूक व्हावी लागते. पुण्यात तर मार्च 2022 मध्ये नगरसेवकांचीच मुदत संपली आणि प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. एवढी वर्षं 23 गावांचं म्हणणं सभागृहात मांडायला त्यांनी निवडून दिलेला कुणी नव्हता. त्यात विकास आराखड्याचं काम पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि रस्ता, पाणी, कचरा महापालिकेकडे. लोकांना कोण कशाचं हेच कळेना. मोठ्या शहरांत ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा व्हावी अशी तरतूद राज्यानं 2009 मध्ये केली. मी या कामात आल्यापासून भरलेली एकही पाहिलेली नाही.

अशा वेळी तुम्ही दिसता. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. मग सगळा राग तुमच्यावर निघणार. मला एका बैठकीत चाळीस मिनिटं उभं करून ऐकवलं गेलं. त्या रात्री मी घरी सांगितलं की नोकरी सोडते. तुमच्यावरही ही वेळ येईल. तो राग तुमच्यासाठी नसतो, त्यांना दुसरं कुणी सापडत नसतं. शांतपणे ऐकून घ्या, लिहून घ्या, समोरच्याला लिहिलेलं वाचून दाखवा. वाचून दाखवलं की निम्मा आवाज खाली येतो. मात्र ‘मी करून देते’ असं चुकूनही म्हणू नका. ‘मी अर्ज घेऊन जाते आणि गुरुवारी पोच आणून देते’ एवढंच म्हणा, आणि गुरुवारी पोच आणा.

कराबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात. एकदम सगळा दर लागत नाही, वर्षागणिक टप्प्यानं वाढतो, हे आधीच सांगा. पण ‘कर वाढणार नाही’ असं कुणाला बरं वाटावं म्हणून बोलू नका. वाढतो. रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुलाच्या योजना शहरी हद्दीत चालत नाहीत, तेही गोड न करता सांगा. माझ्या एका सहकाऱ्यानं हे शेवटपर्यंत टाळलं, आणि घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

तुमचा करार अकरा महिन्यांचा आणि लोकांची अडचण पाच वर्षांची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी एक वही ठेवते, कुणाचा अर्ज कुठल्या तारखेला कुठं दिला याची, आणि जाताना ती पुढच्या मुलीच्या हातात देते. माझ्या आधीच्या मुलीनं मला काही दिलं नव्हतं. तिलाही कुणी दिलं नसेल.

आजींची नोंद दोन वर्षांनी झाली. प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, सात फेऱ्या. सहा फेऱ्यांना मी बरोबर होते, सातवीला त्या नातवाला घेऊन गेल्या आणि मला कळवलंही नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावात होते. मसुदा नुकताच निघालेला. मी ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं तारीख लिहिली आणि खाली पहिली ओळ लिहिली, ‘गाव महापालिकेत जाणार का, हे अजून ठरलेलं नाही.’ चहा पीत बसलेले एक काका म्हणाले, ‘ठरलेलंच नाही, तर फळा कशाला खराब करताय?’ मी खालची ओळ लिहीपर्यंत ते उठून जवळ आले होते. ‘नमुना आठचा उतारा याच आठवड्यात काढून घ्या, दोन प्रती.’ काकांनी ती दोनदा वाचली, कप तसाच ठेवला आणि घराकडे निघाले. दुपारी तीनच्या सुमाराला गावातल्या झेरॉक्सवाल्याचा कागद संपला.