गावशिवाराचा डिजिटल नकाशा आणि पाण्याचा हिशेब

मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत नालाबांध, पाझर तलाव, शेततळी अशी कामे झालेली आहेत. परंतु कोणते काम कोणत्या ओढ्यावर आहे, त्यात मार्चअखेर पाणी उरते का आणि त्याच्या भोवती किती बोअर चालतात, हे एका ठिकाणी पाहायला मिळत नाही. गटांचा नकाशा महसूल खात्याकडे, कामांची यादी कृषी आणि जलसंधारण खात्यांकडे, निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, तर बोअर किती फुटांवर गेली हे फक्त मालकाकडे. ही सारी माहिती एकावर एक ठेवून हवा तो थर झाकता-उघडता येईल असा नकाशा करणे एका साध्या लॅपटॉपवर, विनामूल्य साधनांनी जमते.

संगणक सुरू करण्यापूर्वी प्रश्न ठरवावा. ‘गावाची सगळी माहिती नकाशावर आणू’ असे म्हणून सुरू केलेले काम बहुधा रंगीत चित्रापाशी थांबते. याउलट ‘खालच्या ओढ्यावरचे बंधारे डिसेंबरातच का आटतात?’ किंवा ‘यंदा रब्बीला किती क्षेत्र भिजेल?’ असा एक प्रश्न धरला, की कोणते थर हवेत आणि कोणते नकोत, हे आपोआप ठरते.

पहिला थर पाणलोटाचा असावा, गावाच्या हद्दीचा नव्हे, कारण पाणी हद्द पाहून वाहत नाही आणि माथा शेजारच्या गावात असेल तर पायथ्याचा हिशेब अपुरा राहतो. यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्यात उंचीची उपग्रह माहिती भरून ओढे व पाणलोटाची सीमा काढावी. सहज मिळणारी ही माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकटींची असते. बालाघाटाच्या उतारांवर ती चांगली चालते. गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात मात्र लहान ओढे भलतीकडे वळलेले दिसतात. तिथे गूगल अर्थ प्रो किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे छायाचित्र पाहून ओढा हाताने आखावा आणि ज्यांची गुरे त्या रानात चरतात त्यांना तो दाखवून घ्यावा.

दुसरा थर गटांचा. गटनकाशा महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो. तो छायाचित्रावर बसवताना काही मीटर सरकलेला आढळतो, म्हणून रस्त्याची तिठी, मंदिराचा कोपरा, जुनी बांधीव विहीर अशा न हलणाऱ्या खुणा जुळवून घ्याव्यात. असा नकाशा नियोजनापुरता ठीक. बांधाच्या भांडणात तो पुरावा म्हणून कोणी पुढे करू नये. क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी यूटीएम ४३ उत्तर ही, अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी, मापनपद्धती निवडावी. किनवट तालुक्यातील ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील शिवारासाठी ४४ लागते. फोनवरून आणलेले बिंदू भरताना अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल होऊ देऊ नये. लातूरजवळची विहीर नकाशावर आर्क्टिक समुद्रात दिसू लागली, तर चूक हीच असते.

तिसरा थर पाण्याच्या पसाऱ्याचा, आणि इथे उपग्रहाचा खरा उपयोग होतो. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची छायाचित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती साधारण दर पाच दिवसांनी येतात आणि त्यांतली एक चौकट १० मीटरची, म्हणजे १०० चौरस मीटरची असते. पाणी डोळ्यांना न दिसणारे जवळ-अवरक्त किरण शोषून घेते आणि हिरवे पीक ते परावर्तित करते. या फरकावर पाण्याचा व हिरवाईचा निर्देशांक काढलेला तयार मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग आड येतात, म्हणून सप्टेंबरअखेर, जानेवारीचा मध्य आणि मार्चअखेर अशा तीन वेळांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक तलावाचा पसारा आखावा. ३० बाय ३० मीटरचे शेततळे अवघ्या नऊ चौकटींत बसते आणि काठाच्या चौकटींत पाणी व माती मिसळलेली असते, त्यामुळे ते ‘आहे की नाही’ एवढेच कळते. विहीर तर दिसतच नाही.

एप्रिल-मेचे हिरवाईचे छायाचित्र अवश्य पाहावे. बाकी शिवार उघडे पडलेले असताना जे ठळक हिरवे दिसते, ते बहुतेक ऊस किंवा फळबाग असते. ओढ्याकाठच्या बाभळी आणि कडुलिंबाची झाडेही तशीच दिसतात, म्हणून प्रत्येक हिरवा तुकडा जाऊन पाहावा. गावाचा उपसा कोठे एकवटला आहे, हे या एका छायाचित्रातून जितके उघड होते तितके कोणत्याही यादीतून होत नाही.

विहिरी आणि बोअर यांचा थर पायी फिरूनच होतो. क्यूफील्ड हे ॲप नेटवर्क नसतानाही चालते. त्यात गट क्रमांक, खोली, पाण्याची पातळी आणि मोटर किती तास चालते एवढेच रकाने ठेवावेत. पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी मोजावी; भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीही याच महिन्यांत मोजल्या जात असल्याने तुलना सोपी जाते. मालकाचे नाव सार्वजनिक नकाशावर टाकू नये आणि बोअरची खोली त्याला विचारल्याशिवाय उघड करू नये, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरी खोली सांगणार नाही.

या विहिरींच्या आकड्यांवरून संगणक सबंध शिवाराचा गुळगुळीत, रंगीत भूजल नकाशा क्षणात काढून देतो. तो मोह टाळावा. आपल्या पायाखाली बेसाल्टचे थर आहेत. मांजऱ्या (छिद्राळ) खडक आणि भेगाळलेला भाग पाणी धरतो, तर अखंड काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. त्यामुळे एका बांधाच्या अल्याड-पल्याडच्या दोन विहिरींत एकीला पाणी असते आणि दुसरी कोरडी पडते. मोजलेल्या विहिरी ठिपक्यांनी दाखवाव्यात, मधली जागा रिकामी सोडावी आणि ठिपक्याला जोडून विहिरीच्या भिंतीत दिसणाऱ्या खडकाचे छायाचित्र ठेवावे. नव्या बंधाऱ्याची जागा निवडताना अशी पाच-सहा छायाचित्रे त्या रंगीत नकाशापेक्षा जास्त कामाला येतात.

आता हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. तलावाचा पसारा नकाशावर २ हेक्टर निघाला आणि सरासरी खोली १.५ मीटर धरली, तर साठा ३०,००० घनमीटर होतो. बाष्पीभवन आणि पाझर यांची घट त्यातून वेगळी वजा करावी. उसाला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी लागते. तो सगळा साठा उसाला दिला, तर दीड हेक्टर भिजते. तेच पाणी हरभऱ्याला ५० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी म्हणून दिले, तर ६० हेक्टरला पुरते. हे दोन्ही क्षेत्र गटनकाशावर दोन वेगळ्या थरांत रंगवून ठेवावेत, म्हणजे पडद्यावर एक झाकून दुसरा उघडताना कोणाचे किती गट आत येतात, ते लोक स्वतःच मोजू लागतात. ऊस असलेल्यांना हा थर आवडत नाही. तरीही तो काढून टाकू नये.

हे दाखवण्याची वेळ मात्र साधायला हवी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत रब्बी पेरून झालेली असते आणि मग चर्चेला अर्थ उरत नाही. म्हणून सप्टेंबरअखेरचे ढगविरहित छायाचित्र हाती येताच साठ्याचा थर अद्ययावत करावा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, हरभऱ्याची पेरणी सुरू होण्याआधी, नकाशा पडद्यावर लावावा.