बेळगावच्या हवेत ऑर्किड फुलवायचं असेल तर

ऑर्किड आणलं की पहिलं काम, ते मातीत लावू नका. आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किडं रानात दुसऱ्या झाडांच्या खोडावर वाढतात, मुळांना हवा लागते, मातीत कुजून जातात. भोकं पाडलेली कुंडी, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि फुटक्या कौलाचे खडे, खानापूरकडं जुनी कौलं भरपूर मिळतात की, तेवढं पुरे.

पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात बघा, पांढरट चंदेरी दिसली की घालायचं, हिरवी असली की थांबायचं. सकाळीच घाला, आणि फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड असेल तर पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचू देऊ नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की उघड्यावर ठेवलेलं झाड हमखास कुजतं, माझी डेंड्रोबियम जातीची दोन ऑर्किडं अशीच गेली, फार वाईट वाटलं, तेव्हापासून पावसाळ्यात सगळी वऱ्हांड्यातच.

फूल येत नाही म्हणून लोक खत वाढवतात, पण बहुतेक वेळा उजेडच कमी असतो. पानं गडद हिरवी म्हणजे उजेड कमी, फिकट हिरवी म्हणजे बरोबर. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा.

आणि आपली थंडी हा मोठा फायदा आहे, फॅलेनॉप्सिसला काही आठवडे रात्री १५ ते १८ अंश मिळाले की फुलांचा दांडा निघतो.

जंगलातलं सीतेची वेणी हे ऑर्किड मात्र कृपा करून उपटून आणू नका, नर्सरीतूनच घ्या.