जोडीदाराचं स्कोलिओसिसचं ऑपरेशन: धीर देताना या चुका टाळा

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळून त्याला बाक येणं. मणक्याच्या वॉर्डात फिजिओथेरपीचं काम करताना माझं लक्ष पेशंटइतकंच तिच्या नवऱ्याकडे, किंवा त्याच्या बायकोकडे असतं. पेशंटला काय करायचं ते सांगायला आम्ही सगळे असतोच. जोडीदाराच्या हातात मात्र फाइल आणि टीपीएचे (मेडिक्लेमचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचे) कागद देऊन "जरा धीर द्या हं त्यांना" एवढंच सांगितलं जातं. मग तो जमेल तसा धीर देतो, आणि घरोघरी साधारण त्याच त्या चुका होतात.

"अगं, काही होत नाही"

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात बोललं जातं. हेतू चांगलाच असतो, पण ऐकणारीला त्यातून एकच कळतं की या विषयावर आता आपण काही बोलायचं नाही. मग ती रात्री सगळे झोपल्यावर एकटीच मोबाइलवर नको नको ते वाचत बसते.

शिवाय प्रत्येकीची भीती वेगळी असते. कुणाला पाय लुळे पडतील असं वाटतं, कुणाला भुलेतून जागच आली नाही तर काय याचा घोर असतो, कुणाला बारावीतल्या लेकीच्या डब्याची काळजी असते. पुष्कळ जणींना यांतलं काहीच नसतं, फक्त "आता मी यांच्यावर भार होणार" हे खात असतं. अशा बाईला तुम्ही भुलेच्या औषधांची माहिती देत बसलात तर काय उपयोग? आधी "नेमकं कशाचं टेन्शन आलंय?" असं विचारा आणि गप्प बसून ऐका. उत्तर यायला वेळ लागला तरी मधे बोलू नका.

पाय लुळे पडण्याची भीती असेल तर तिला खरी माहिती द्या. या ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना टायटॅनियमच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या सळ्या जोडतात, बाक जमेल तेवढा सरळ करतात आणि मग हाडाचा चुरा घालून ते मणके एकमेकांना कायमचे जुळवून टाकतात. बहुतेक मोठ्या सेंटरमध्ये हे सगळं चालू असताना डोक्याला आणि हातापायांना बारीक इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूतले संदेश सतत तपासले जातात. संदेश मंदावले की सर्जन तिथेच थांबतात आणि गरज पडली तर सरळ केलेला बाक थोडा सैल सोडतात. आपल्या हॉस्पिटलात ही सोय आहे का, हे विचारायला अजिबात लाजू नका. धोका शून्य नसतो, तसा तो कुणी सांगतही नाही. पण "काही होत नाही" यापेक्षा "काही झालंच तर ते तिथल्या तिथे कळावं याची सोय आहे" हे वाक्य जास्त टिकतं.

नातेवाइकांच्या गोष्टी

"मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो." ऑपरेशन ठरल्याचं कळलं की हे सांगणारा फोन येणारच. त्या गोष्टीतल्या माणसाला नेमकं काय झालं होतं, हे एकदा शांतपणे विचारून बघा. बऱ्याचदा त्याला मणक्याचा टीबी झालेला असतो, किंवा तो झाडावरून पडलेला असतो. म्हणजे ऑपरेशनच्या आधीच मज्जारज्जूला इजा झालेली असते. स्कोलिओसिसच्या पेशंटला सगळं ठीक असेल तर आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेडच्या कडेला बसवतो, उभं करतो आणि घरी सोडण्याआधी जिनाही चढून बघायला लावतो.

हे फोन तिच्यापर्यंत पोचू न देणं हे तुमचं काम आहे. आईंचा असो वा मोठ्या वन्संचा, "ती झोपलीय, मी सांगतो निरोप" म्हणायचं आणि विषय संपवायचा. इथे थोडं वाईट व्हायला हरकत नाही. ऑपरेशननंतरच्या भेटीगाठींनाही हेच लागू. रांगेने येऊन "किती गं वाळलीस" म्हणणाऱ्यांना महिनाभराने बोलवा.

पंधरा वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ दाखवून उभारी देणं

ही चूक शिकल्यासवरलेल्या घरांत जास्त दिसते. कुणीतरी व्हिडिओ पाठवतो: शाळकरी मुलगी, ऑपरेशननंतर महिन्याभरात शाळेत. नवरा तो बायकोला दाखवतो, "बघ, तूही अशीच होशील." आता बायकोचं वय पंचेचाळीस. वाढीच्या वयातल्या स्कोलिओसिसचं ऑपरेशन आणि प्रौढ वयातलं, यांत बराच फरक असतो. मुलांचा कणा लवचिक असतो. मोठेपणी बाक ताठ झालेला असतो, कधी नसा दबलेल्या असतात, हाडं ठिसूळ असू शकतात, आणि मणके पार कंबरेपर्यंत, वेळ पडली तर ओटीपोटाच्या हाडापर्यंत जुळवावे लागतात. ऑपरेशन जास्त तास चालतं. गुंतागुंत जास्त होते आणि काहींना पुढे दुसऱ्यांदाही टेबलावर जावं लागतं. सहाव्या आठवड्यातही दुखत असलं की त्या व्हिडिओशी तुलना होते आणि बाई मनातून खचते, "माझंच काहीतरी बिघडलंय."

तिला आधीच सांगून ठेवा की पहिले दोन आठवडे कठीण जातील, तीन महिन्यांनी बरं वाटू लागेल आणि हाड पूर्ण जुळून यायला सहा महिने ते वर्ष लागेल. हे ऐकून कुणी घाबरत नाही. उलट तिसऱ्या आठवड्यात रडू आलं तर तेही धरलेलंच होतं, असं वाटतं.

निर्णय तिच्यावर लादणं

"होऊन जाऊ दे एकदाचं" हे काळजीपोटीच म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याला ते ढकलल्यासारखं वाटतं. छातीच्या भागातला बाक ५० अंशांच्या पुढे गेला असेल तर वाढीचं वय संपल्यावरही तो हळूहळू, वर्षाला साधारण एखाद्या अंशाने वाढत राहू शकतो. म्हणून डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. पण प्रौढांमध्ये बहुतेक वेळा ही उद्याच्या उद्या करायची गोष्ट नसते. पायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर थांबायचं नाही. एरवी दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला वेळ असतो.

ओपीडीत तर मी कितीदा बघते. सर्जन बाईंना विचारतात, "कुठे दुखतं?" आणि उत्तर येतं नवऱ्याकडून. तुमचं काम लिहून घेण्याचं. प्रश्न घरी बसून दोघांनी काढा, वहीत लिहा, पण विचारू द्या तिला. कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जुळवणार? नंतर वाकता किती येईल? नाहीच केलं तर पाच वर्षांत काय होईल? तुमच्याकडे प्रौढांची अशी ऑपरेशनं किती होतात? या शेवटच्या प्रश्नाचा चांगल्या सर्जनला राग येत नाही.

मशेरी, काढे आणि लपवाछपवी

हे थोडक्यात, पण महत्त्वाचं. मशेरी लावणारी बाई "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" म्हणते, आणि सासूबाई शेजारी उभ्या असतील तर हमखास म्हणते. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. हाड जुळलं नाही तर सळीवर ताण येऊन ती पुढेमागे तुटूही शकते. तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं, पण ते तिला विचारून आणि तिच्यासमोर. घरात तुम्ही स्वतः तंबाखू मळत असाल तर तिला सोडायला सांगण्यात काही अर्थ नाही, दोघांनी मिळून सोडा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गुडघ्यासाठी चालू असलेला काढा, कुणी दिलेल्या पुड्या, सगळं पिशवीत भरून भूलतज्ज्ञांना दाखवा.

मेडिक्लेमचंही तसंच. बाक कधीपासून आहे हे डॉक्टरांच्या कागदांवर लिहिलेलं असेल तेच फॉर्मवर लिहा. २०२४ पासून, पॉलिसी घेण्याआधीच असलेल्या आजाराचा खर्च मिळण्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची आहे. आपली पॉलिसी त्यात कुठे बसते ते आधीच विचारून ठेवा. आणि पैशांची बोलणी तिच्या खाटेशेजारी उभं राहून करू नका.

घर तयार नसणं

फुलं आणि "लवकर बरी हो"चं कार्ड ठीक आहे, पण घरात भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर त्या कार्डाचं ती काय करणार? पहिले काही महिने वाकणं, वजन उचलणं आणि कंबरेतून पिळणं बंद. म्हणजे उकिडवं बसणं नाही, पाटावर जेवायला बसणं नाही, खाली वाकून पाया पडणंही नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. पलंगाची उंची गुडघ्याएवढी हवी, खाली टेकलेली गादी नको. रोजचे डबे, चहा-साखर, तिचे कपडे, फोनचा चार्जर, सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. बाथरूममध्ये खुर्ची, दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचं काम तुमच्याकडे. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिने एक दिवस अजिबात न वाकता घरात वावरून बघावं, तुम्ही मागे कागद-पेन घेऊन फिरा. काय काय राहिलंय ते तेव्हाच कळतं.

हाताला धरून उठवणं

वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा मी "थांबा!" ओरडते ते यासाठी. बायको उठायला लागली की नवरा प्रेमाने दोन्ही हात धरून पुढे ओढतो. त्या ओढण्याचा सगळा ताण ताज्या टाक्यांवर आणि स्क्रूंवर येतो, आणि ती कळवळते. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. मग खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडता सोडताच तिने कोपराने आणि दुसऱ्या तळव्याने स्वतःला वर रेटायचं. तुमचा एक हात तिच्या खांद्याच्या फऱ्यामागे, दुसरा गुडघ्यांजवळ. तुम्ही ओढायचं नाही, फक्त टेकू द्यायचा. बसल्यावर लगेच उभं करू नका, चक्कर येते. मोठे दहा श्वास घेऊ दे. डिस्चार्जच्या आधी फिजिओसमोर हे तुम्ही स्वतः करून दाखवा.

जेवणाचाही आग्रह नको. या ऑपरेशननंतर आणि दुखण्यावरच्या तीव्र औषधांमुळे आतडी काही दिवस सुस्त असतात, पोट फुगतं. वायू सरेपर्यंत शिरा-डिंकाचे लाडू बाजूला राहू देत. दुखणं सहन करून दाखवणं म्हणजे शौर्य, असंही काही नाही. गोळीची वेळ झाली की गोळी द्या, म्हणजे ती चालेल, आणि चालणं हाच तिचा मुख्य व्यायाम आहे. मात्र घरातली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय देऊ नका. हाड जुळण्यात अडथळा नको म्हणून बरेच सर्जन त्या टाळतात.

पेशंट नवरा असेल तर

पुरुष भीती बोलून दाखवत नाहीत, चिडचिड करतात. बिलावरून, चहावरून, सिस्टरवरून. अशा वेळी "अहो, घाबरलात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे!" त्याऐवजी त्यांना काम द्या. ऑफिसची रजा, प्रश्नांची वही, रक्तदात्यांची यादी. आणि त्यांना आंघोळ घालण्याची वेळ येईल तेव्हा दार लावून घ्या, घरभर आवाज जाऊ देऊ नका.

घरी आल्यावर

"किती सरळ दिसतेस आता!" हे एकदा बोला, रोज नको. तिला स्वतःचं अंग अजून परकं वाटत असतं. पाठ ताठ, ब्लाउज बसत नाही, व्रणाला हात लावायला भीती वाटते. उंची थोडी वाढते, तोल नवा असतो. आरशात बघायचं की नाही ते तिला ठरवू द्या. शरीरसंबंध पुन्हा केव्हा, हे तपासणीला गेल्यावर सर्जनना सरळ विचारा. हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

तुम्हीही रात्रीची झोप घ्या. बहीण, भाऊ, मेहुणे यांच्यात आठवड्याच्या दोन-तीन रात्री वाटून द्या.

जखमेचा रोज एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवा, म्हणजे लाली वाढतेय का ते अंदाजावर राहत नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरीला एका बाजूने सूज, पायात नव्याने बधिरपणा किंवा ताकद कमी, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनवर बोलत न बसता थेट कॅज्युअल्टी गाठा. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याच दिवशी सेव्ह करून घ्या.