गाडी चार्ज होत नाही? आधी भिंतीकडे बघा

एप्रिलच्या शेवटाला आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर रुसला. संध्याकाळी गन (चार्जरच्या वायरीचं गाडीत बसवायचं टोक) लावली की दोन मिनिटांत लाल दिवा. गाडीच बिघडली असं धरून मी सर्व्हिस सेंटरची वेळही घेऊन टाकली होती. वायरमन आले, सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला आणि गाडीकडे न बघताच म्हणाले, "गाडीला काय झालं न्हाई. अर्थिंगचा खड्डा वाळलाय." अंगणात अर्थिंगचा पाइप पुरलाय त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं चार्जिंग सुरू.

तेव्हापासून आमच्या घरी तपासायचा क्रम ठरलेला आहे: फुकटातलं आधी, गाडी सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा गाडीतलं सेटिंग बघा. चार्जिंगची वेळ रात्री अकराची लावून ठेवलेली असते आणि आपण आठ वाजता डोकं धरून बसतो. मर्यादा ८० टक्क्यांवर असेल तर गाडी तिथंच थांबणार, तो बिघाड नव्हे. मग गन काढा, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा, मिनिटभर थांबा. एमसीबी वर केल्यावर चार्जरच्या डबीचा दिवा स्थिर होऊ द्या आणि मगच गन गाडीला लावा. 'टक्' आवाज आला पाहिजे. वीज जाऊन आल्यावर काही चार्जर आपणहून सुरू होत नाहीत, त्यांनाही हाच उपाय.

एवढ्यानं भागलं नाही तर अर्थिंग. "गिझर चालतोय की त्याच सॉकेटवर" हा युक्तिवाद इथं चालत नाही. गिझर अर्थिंग आहे की नाही हे विचारत नाही. चार्जरची डबी करंट सोडण्याआधी ते तपासते. फेज (करंट आणणारी वायर), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ यांच्यामधले तीन आकडे मल्टिमीटरनं घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा शेवटचा आकडा दहाच्या वर गेला तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रल कुठंतरी लूज आहे. सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनवर सोडा.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हा त्रास उन्हाळ्यातच का होतो, ते अंगणात बघितलं की कळतं. माती भेगाळते, पाइपपासून सुटते, वर ओलही राहत नाही. साताऱ्याकडं मुरूम आणि खडक, तिथं ओतलेलं पाणी टिकतच नाही. मार्च ते मे खड्ड्यात तीन-चार दिवसांनी पाणी घाला. खड्डा जुना असेल तर मीठ-कोळसा नवा भरून घ्या आणि पाइपला जोडलेल्या पट्टीचा गंजलेला नट बदला. आमचा खरा चोर तो नटच निघाला, पाण्यानं फक्त चार दिवस ढकलले होते.

एखादा जण सांगेल, सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाका, लाल दिवा जातो. जातो खरा. पण उद्या न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर करंट येईल. असं सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता सॉकेट. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो; गाडी ३.३ किलोवॉटचा लोड आठ-नऊ तास सलग ओढते. तासभर चार्जिंग झाल्यावर एमसीबी बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात टिकत नसेल, तपकिरी डाग असेल किंवा जळका वास येत असेल तर त्या सॉकेटवर पुन्हा लावू नका. चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट आणि मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. तोवर गाडीत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर ती वापरा. पुराचं पाणी येणाऱ्या भागात सॉकेट आणि डबी जितकी उंच बसवता येईल तितकी बसवा.

अर्ध्या-पाऊण तासानं एमसीबी पडते? बहुधा स्क्रू ढिला असतो, नाहीतर वायर बारीक. मोठी एमसीबी बसवून प्रश्न सुटत नाही, वायर जळते. लगेच आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडते? गन गाडीला न लावता नुसता चार्जर चालू करून बघा. तरीही पडली तर दोष चार्जरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. गाडीला लावल्यावरच पडली तर गाडीकडं संशय घ्या. त्याआधी गनच्या तोंडात पावसाचं पाणी गेलं नाही ना, ते बघा.

शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की वस्तीवर व्होल्टेज उतरतं. चार्जिंग बंद असतानाच मीटर १९० दाखवत असेल तर दोष लाइनचा, महावितरणच्या १९१२वर तक्रार नोंदवा. बंद असताना २३० आणि चालू केल्यावर एकदम २०५ होत असेल, तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे.

सगळं पास झालं की मग गाडी. बाहेरच्या एसी चार्जिंग पॉइंटवर लावून बघा. डीसी फास्ट चार्जरवर चालली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण डीसी करंट गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरला (घरच्या एसी करंटचा बॅटरीला चालणारा डीसी करणारा भाग) वगळून थेट बॅटरीत जातो. घरच्या चार्जिंगला लागतो तो हाच ऑनबोर्ड चार्जर. एसीवर दोन्हीकडं नकार आणि डीसीवर होकार असेल, तर सर्व्हिस सेंटरला नेमकं हेच वाक्य सांगा, सोबत ते तीन आकडे आणि लाल दिव्याचा फोटो द्या.