कायडेक्सचे म्यान घरी घडवताना या चुका टाळा

मुंबईच्या पावसाळ्यात कातडी म्यानावर पाहता पाहता बुरशी धरते, आणि ओल शोषून बसलेल्या त्या कातड्यात कार्बन स्टीलचे पाते गंजते. त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी, गच्चीवर बाग फुलवणाऱ्यांनी किंवा किनाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांनी उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे म्यान घरीच करून पाहावे असे वाटणे स्वाभाविक आहे. या कामात सर्वाधिक वापरले जाणारे कायडेक्स हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचे मिश्रण असून रोम अँड हास या अमेरिकी कंपनीने ते १९६५ साली विमानांच्या अंतर्भागासाठी विकसित केले होते. काम अवघड नाही: टेप लावलेल्या चाकूभोवती, ओव्हनमध्ये तापवून मऊ केलेली शीट (एकच दुमडून किंवा दोन) प्रेसमध्ये, म्हणजे फोम लावलेल्या दोन फळ्यांमध्ये, दाबायची आणि थंड झाल्यावर कडेचे थर आयलेट या धातूच्या पोकळ कड्यांनी जोडायचे. मात्र दोष ज्या पायरीवर नजरेस पडतो त्याच पायरीवर तो दुरुस्त करण्याची धडपड बहुतेक नवखे करतात, आणि माझ्या मते अर्धी शीट तिथेच वाया जाते. म्यान सैल झाले म्हणून आयलेट बदलले जातात, प्रत्यक्षात चूक टेप लावताना झालेली असते.

शीट निवडताना

लहान चाकूसाठी १.५ मिमी, नेहमीच्या वापराच्या चाकूसाठी किंवा सिकेटरसाठी (फांद्या छाटण्याच्या कात्रीसाठी) २ मिमी आणि कोयत्यासारख्या जड अवजारासाठी साधारण २.४ मिमी जाडी पुरते. जाड शीट म्हणजे मजबूत म्यान असे समजून लहान चाकूसाठी जाड शीट घेतली, तर मुठीजवळची बारीक वळणे उमटत नाहीत आणि म्यान बोजड होते.

कायडेक्स महाग पडते म्हणून दुकानात समोर दिसेल ती शीट उचलणे ही त्याहून मोठी चूक आहे. ॲक्रिलिक ठिसूळ असते आणि चाकू काही वेळा काढला-घातला की छिद्रांपासून तडकते. जाहिरातींच्या फलकांसाठी वापरला जाणारा सनबोर्ड आतून फेसाळ असल्यामुळे दाबाखाली चेपतो. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही मजबूत प्लास्टिके आहेत खरी, पण ती हवेतील ओलावा शोषतात. जुलैच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेली पॉलिकार्बोनेटची शीट आधी कित्येक तास ओव्हनमध्ये न वाळवता थेट घडवण्याच्या तापमानाला नेली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन शीटभर बुडबुडे उठतात. कायडेक्स पाणी फारसे शोषत नाही, आणि आपल्या हवेसाठी मी त्याचीच शिफारस करतो.

तापमान: बहुतेक दोषांचे मूळ

या पद्धतीने कायडेक्स घडवण्यासाठी साधारण १६५ ते १८० अंश सेल्सिअस तापमान योग्य ठरते. यापेक्षा कमी तापलेली शीट वाकते, पण आकार धरत नाही. प्रेसमधून काढल्यावर ती हळूहळू उघडत जाते, पात्याच्या कडा गोलसर व पुसट उमटतात आणि घडीच्या जागी पांढरट ताणरेषा दिसतात. जास्त तापलेल्या शीटची लक्षणे वेगळी असतात: पृष्ठभागावरची बारीक खरखर नाहीशी होऊन तिथे चकाकी येते, कडा आक्रसतात आणि पुढे फोड येतात. चकाकी दिसताच शीट बाहेर काढावी, कारण गेलेली खरखर परत येत नाही. तापमान २०० अंशांच्या वर चढत राहिले तर पीव्हीसीचे विघटन सुरू होऊन हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू बाहेर पडू लागतो. चाळीतल्या किंवा वन-रूम-किचनच्या बंद खोलीत ही गोष्ट हलक्याने घेण्यासारखी नाही.

घरगुती ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावर लिहिलेले तापमान आणि आतले खरे तापमान यांत बराच फरक असू शकतो, म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवावा. ज्या ओटीजीत हे काम होईल त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. शीट थेट जाळीवर ठेवली तर जाळीचे वळ उमटतात. तिच्याखाली सपाट ट्रे आणि बटर पेपर असावा. मिनिटे मोजण्यापेक्षा शीटची अवस्था पाहणे अधिक भरवशाचे आहे: हातमोजा घालून कोपरा उचलला असता ती तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पोळीसारखी लुळी पडली पाहिजे. कोपरा लुळा पण मधला भाग ताठ असेल, तर उष्णता अजून सगळीकडे पोहोचलेली नाही.

केवळ हीट गनवर, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या हातातल्या उपकरणावर, संपूर्ण शीट तापवण्याचा मोह टाळावा. गनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांपर्यंत तापू शकते, त्यामुळे एक जागा करपते तेव्हा दुसरी अजून थंडच असते. हीट गन दुरुस्तीसाठी आहे. गॅसच्या उघड्या ज्योतीवर शीट धरण्याचा विचारही करू नये.

दोषांचे आणखी एक कारण आपल्याकडे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे डोक्यावर अखंड फिरणारा पंखा. ओव्हनमधून काढलेली पातळ शीट अर्ध्या मिनिटात कडक होऊ लागते आणि पंख्याखाली त्याहूनही लवकर. शीट काढण्यापूर्वी पंखा बंद करावा, चाकू व प्रेस ओव्हनच्या शेजारीच मांडून ठेवावेत आणि खिडकी मात्र उघडी ठेवावी.

प्रेस आणि फोम

दोन प्लायवुडच्या फळ्या, त्यांवर चिकटवलेला फोम आणि चार सी-क्लॅम्प एवढ्यात चांगला प्रेस होतो. गादीचा किंवा सोफ्याचा मऊ फोम वापरल्यास तो पात्याभोवती पुरेसा दाबत नाही आणि म्यानाचा आकार फुगीर राहतो. घट्ट, बंद छिद्रांचा, किमान एक इंच जाडीचा फोम लागतो. क्लॅम्प एकाच बाजूने आवळत गेल्यास आतला चाकू सरकतो, म्हणून ते समोरासमोर थोडे थोडे आवळावेत. दोन शीटचे म्यान करताना हे सरकणे विशेष घातक ठरते, कारण दोन्ही अर्धुके मग एकमेकांशी जुळत नाहीत.

शीट पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटे, प्रेस उघडू नये. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा आणखी थांबावे.

पात्याची तयारी

पात्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावण्यामागे पात्याला ओरखड्यांपासून वाचवणे एवढाच हेतू नसतो. टेपच्या जाडीमुळे म्यानाच्या आत थोडी मोकळी जागा राहते आणि आत शिरलेला वाळूचा कण पात्यावर रेघा ओढत नाही. धारेवर आणखी एक-दोन थर द्यावेत, म्हणजे चाकू काढताना धार आतले प्लास्टिक कापत नाही. मात्र हीच टेप मुठीच्या पुढच्या भागावर लावणे ही फार आढळणारी चूक आहे. म्यानाने चाकू धरायचा असतो तो मुठीच्या सुरुवातीच्या उंचवट्यावर, पात्याच्या अंगावर नव्हे. त्या जागी टेपची जाडी आली की पकड तेवढीच सैल होते.

शीट तापल्यावर थोडी आक्रसते हे लक्षात घेऊन नमुन्यापेक्षा सर्व बाजूंनी एक इंच तरी अधिक कापावी.

छिद्रे आणि आयलेट

प्रेसमधून काढल्यावर चाकू आत असतानाच धारेची रेषा पेन्सिलने बाहेरून आखून घ्यावी आणि त्या रेषेपासून सहा ते आठ मिमी अंतर सोडून छिद्रांच्या खुणा कराव्यात. अंतर कमी पडले तर धार आयलेटच्या धातूला घासून बोथट होते, अधिक झाले तर दोन थरांमध्ये फट पडते. त्यानंतर चाकू बाहेर काढून दोन्ही थर एकत्र क्लॅम्प करून एकदमच छिद्र पाडावे. ड्रिल फार वेगाने फिरवल्यास प्लास्टिक वितळून बिटाला चिकटते. पाव इंची आयलेटला पाव इंचाचेच बिट वापरावे. सैल छिद्रात आयलेट वाकडा बसतो. पट्ट्याची तयार क्लिप लावायची असेल तर तिच्या छिद्रांमधले अंतर आधी मोजून घ्यावे. बऱ्याच क्लिपांमध्ये ते दीड इंच असते.

मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात आयलेट बसवण्याचे ठसे शोधताना कापडाचे पातळ ॲल्युमिनियमचे आयलेट घेऊन येऊ नका. शीटचे दोन थर धरून ठेवण्याइतकी त्यांची उंची नसते. दोन्ही थरांच्या जाडीपेक्षा आयलेट दोन ते तीन मिमी उंच हवा. लोखंडी आयलेट समुद्रकाठच्या हवेत लवकर गंजतात, पितळी टिकतात.

म्यान तयार झाल्यावर आढळणारे दोष

चाकू खुळखुळत असेल तर मुठीच्या तोंडाजवळचा तेवढाच भाग हीट गनने दुरून मऊ करून, टेप न लावलेला चाकू आत घालून तो भाग जाड हातमोज्याने दाबून धरावा. चाकू निघतच नसेल तर तीच जागा मऊ करून किंचित उघडावी. दोन्ही वेळा तापवताना म्यान रिकामे असावे, कारण हीट गनची हवा पातळ धारेचे पाणी उतरवू शकते.

पात्यावर नव्या रेघा दिसू लागल्यास बहुधा कडा घासतानाची भुकटी आत राहिलेली असते. म्यान पाण्याने धुऊन, ब्रशने साफ करून पूर्ण वाळवावे. घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ४०० ते ६०० नंबरपर्यंत जावे आणि तोंडावर मास्क ठेवावा.

तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्र न ठेवणे ही चूक कोरड्या प्रदेशात कदाचित खपून जाईल, मुंबईत नाही. पावसाचे किंवा समुद्राचे पाणी टोकाशी साचते आणि पाते तिथूनच गंजू लागते. छिद्र ठेवले तरी पावसाळ्यात चाकू महिनोन्महिने म्यानात ठेवू नये. तो पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावा.

पिस्तुलाचे होल्स्टर मात्र याच पद्धतीने घरी करण्याच्या मी विरोधात आहे. तिथे चापाभोवतीचा भाग थोडा जरी चुकीचा घडला तरी त्याची किंमत ओरखड्यांत मोजली जात नाही. परवानाधारकाने ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

शेवटची सूचना वापराची आहे. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास कायडेक्स दाबाखाली वाकू लागते आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकतो. तिथे ठेवलेले म्यान सैल झाले, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे तोंडाजवळचा भाग पुन्हा बसवून पाहावा. आयलेट काढण्याची गरज सहसा पडत नाही.