स्तोत्र 85 मधली उज्जीवनाची प्रार्थना घरसभेत कशी करावी

खानदेशातल्या मंडळ्यांमध्ये, मग ती नवापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची घरसभा असो की धुळे-जळगावच्या चर्चमधली उपास-प्रार्थना, ‘प्रभू, आम्हांला पुन्हा जिवंत कर’ ही उज्जीवनाची, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा ताजा होण्याची, विनंती नेहमी ऐकू येते. ती आली आहे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र 85 च्या सहाव्या वचनातून. मात्र ते एकच वचन वेगळे काढून घोकले की उज्जीवन म्हणजे सभेत भावना उचंबळून येणे, एवढाच अर्थ हाती उरतो. स्तोत्राची तेराही वचने क्रमाने घेतली, तर काय मागावे आणि मागितल्यावर काय करावे, हे स्तोत्रच शिकवते.

प्रथम संपूर्ण स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि ज्या घरी मावची किंवा अहिराणी बोलली जाते, तिथे एकाने प्रत्येक वचनाचा आशय त्या बोलीत सांगावा. शीर्षकही वाचावे, कारण हे कोरहाच्या मुलांचे स्तोत्र आहे. कोरहाने इस्राएलाचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध बंड केले व त्यात त्याचा नाश झाला, ही हकिकत बायबलच्या गणना या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात आहे. त्याची मुले मात्र मेली नाहीत, असे गणना 26:11 सांगते. दयेने वाचलेल्या घराण्याच्या नावाने आलेली ही प्रार्थना आहे, हे ऐकणाऱ्यांना आधीच कळले म्हणजे पुढची मागणी हक्काची नसून कृपेची आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नंतर पहिल्या तीन वचनांवर थांबावे. इथे मागणी नाही; देवाने पूर्वी देशावर प्रसन्न होऊन लोकांचा अपराध क्षमा केला, याची आठवण आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची ही प्रार्थना असावी, असे अनेक भाष्यकार मानतात. इ. स. पू. 538 मध्ये पारसाच्या कोरेश राजाने त्यांना परत जाण्याची मोकळीक दिली. पण परत आल्यावरही दिवस कठीणच राहिले आणि आकाशातून दव पडत नाही, भूमी पीक देत नाही, हे हाग्गय संदेष्ट्याला लोकांपुढे मांडावे लागले. स्तोत्रात मात्र कोणत्याही घटनेचे नाव नाही, म्हणून या एकाच पार्श्वभूमीचा आग्रह धरू नये. सभेत दोघा-तिघांनी आपल्या मंडळीवर देवाने केलेल्या उपकारांची थोडक्यात साक्ष द्यावी. लांबलचक वैयक्तिक साक्षी इथे टाळलेल्या बऱ्या.

चौथ्या ते सातव्या वचनांत प्रत्यक्ष मागणी येते, आणि ती ‘आम्हांला’ या शब्दात येते. प्रार्थना करणारा स्वतःला बाजूला ठेवून इतरांच्या थंडपणाबद्दल बोलत नाही. देवाचा राग आपल्या सर्वांवर आहे असे तो मानतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे उज्जीवन झाले, त्याच्याही आधी स्त्रिया एकत्र जमून प्रार्थना करीत होत्या, हे इथे आवर्जून सांगावे. सहाव्या वचनातला हेतूही नीट पाहावा: लोकांनी देवाच्या ठायी आनंद करावा म्हणून हे नवे जीवन मागितले आहे. सभासदसंख्या, देणगी किंवा मंडळीचा नावलौकिक यांचा तिथे उल्लेख नाही. ख्रिस्ती वाचक ही मागणी इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर वाचतात. अपराधांमुळे मृत झालेल्यांना देवाने ख्रिस्ताबरोबर जिवंत केले, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. त्यामुळे आपण मागतो ते ख्रिस्तात मिळालेलेच जीवन पवित्र आत्म्याने पुन्हा ताजे करावे, एवढे मागतो.

आठव्या वचनात बोलणारा एकदम थांबतो आणि देव काय बोलेल ते मी ऐकेन, असे म्हणतो. आपल्या सभांमध्ये हीच पायरी बहुधा गाळली जाते. पेटी-ढोलकी बाजूला ठेवून पाच-दहा मिनिटे खरोखर शांत बसावे. लोकांनी पुन्हा मूर्खपणाकडे वळू नये, ही याच वचनातली सूचना मनात धरून प्रत्येकाने आपण कशाकडे वळत आहोत ते देवापुढे मान्य करावे.

मग दहावे वचन घ्यावे: दया आणि सत्य एकमेकांना भेटतात, नीतिमत्त्व आणि शांती एकमेकांचे चुंबन घेतात. ख्रिस्ती परंपरेने यात वधस्तंभ पाहिला आहे, कारण देव स्वतः नीतिमान राहून पाप्याला नीतिमान ठरवतो, असे रोमकरांस 3:26 सांगते. आपल्या देशात गौरव वसावे या नवव्या वचनाचा धागा योहान 1:14 शी जुळतो, आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने हे स्तोत्र नाताळच्या सकाळसाठी नेमले आहे ते त्यामुळे यथायोग्य वाटते. तरीही आधी इस्राएल लोकांची प्रार्थना म्हणून वाचावे आणि मग ख्रिस्ताकडे यावे. हा क्रम उलटा केला तर स्तोत्रातली माणसे दिसेनाशी होतात.

बाराव्या वचनापाशी खानदेशात विशेष काळजी घ्यावी लागते. भूमी आपले पीक देईल, असे ते म्हणते. मृगाच्या पावसावर कपाशी लावली, मग पावसाने ओढ दिली, कोवळी रोपे करपली आणि उधारीवर बियाणे आणून दुबार पेरणी करावी लागली, असा शेतकरी समोर बसलेला असतो. तुमची प्रार्थना कमी पडली म्हणून पीक गेले, असे त्याला सुचवणे क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. हे वचन इस्राएलाला त्याच्या देशासंबंधी दिलेले आहे. ते आपल्या सातबाऱ्याशी झालेला करार नव्हे. तरी पावसासाठी प्रार्थना अवश्य करावी, कारण जे उत्तम ते देव देतो, हे याच वचनात म्हटले आहे. त्यासोबत हबक्कूक 3:17-18 वाचावे: अंजिराला फुले नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सहाव्या वचनात मागितलेला आनंद हाच आहे.

शेवटच्या वचनात नीतिमत्त्व देवाच्या पुढे चालून त्याच्या पावलांसाठी वाट तयार करते. म्हणून सभा संपण्यापूर्वी प्रत्येकाने आठवडाभरात करायची एक गोष्ट ठरवावी: शेजाऱ्याचा बांध कोरला असेल तर तो पूर्ववत करावा, कापूस वेचणाऱ्या बायकांची मजुरी थकवली असेल तर ती चुकती करावी, भावाशी अबोला असेल तर त्याच्या घरी जावे. हे चारचौघांत सांगण्याची सक्ती नसावी, पण विश्वासातल्या एका माणसाला तरी सांगावे, आणि पुढच्या आठवड्यात स्तोत्र पुन्हा उघडण्याआधी त्या माणसाने त्याबद्दल विचारावे.