पोपटीच्या आधी परसातली पाखाडी

शनिवारी पोपटीला, म्हणजे मडक्यात भरून जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या बेताला, मुंबईहून पाहुणे येणार आणि मंगळवारी पाखाडीचे, म्हणजे परसातल्या दगडी वाटेचे, चिरे पायाखाली डुगडुगायला लागले. अलिबागजवळ आमचं घर आहे, मागच्या दारापासून माडापर्यंत वीसेक फूट वाट. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ही वाट मला पक्कीच हवी होती.

चूक माझीच. चिरे सरळ भुसभुशीत मातीवर मांडले होते. सगळे उचलले, वीतभर खणलं, मुरूम टाकून पाणी मारलं आणि धुमसाने ठोकठोक ठोकलं. टाच रुतेनाशी झाली तेव्हाच थांबलो. वर दोन बोटं ग्रिट (बारीक खडी), मग चिरा. दोरी लावून उतार घराच्या उलट दिशेला ठेवला. दोन दिवस यातच गेले, पण ठोकण्यात घाई केली असती तर पहिल्याच पावसात वाट खचली असती.

पोपटीच्या शेकोटीच्या खड्ड्याला नदीतले गोटे लावणार होतो. शेजारच्या काकांनी अडवलं: "अरे, आत ओल असते त्यांच्या. तापले की फुटतात, डोळ्यात कपची जाईल!" मग जुन्या भाजक्या विटा मातीच्या गाऱ्यात बसवल्या. सिमेंट मुद्दाम टाळलं, आचेने तडकतं.

शुक्रवारी रात्री लहान जाळ करून खड्डा सुकवला. शनिवारी भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरून मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने पाल्याचा वास सुटला. आई काठी न घेता शेकोटीपर्यंत चालत आली.